अमेरिकेच्या दक्षिणेत अधिवेशन भरवायचं तर शहर कसं निवडावं

मराठी मंडळाच्या अधिवेशनासाठी शहर शोधायला निघालेली समिती बहुतेक वेळा आधी कन्व्हेन्शन सेंटर बघते. हॉल केवढा, छत किती उंच, बॉलरूम कशी दिसते, यावर चर्चा रंगते. मध्यम आकाराच्या शहरात हा क्रम उलटा हवा. हॉल बहुतेक शहरांकडे पुरेसा असतो. कमी पडतात त्या हॉलपासून पायी जाता येईल अशा हॉटेलांतल्या खोल्या. म्हणून आधी खोल्या मोजायच्या आणि मग हॉल बघायचा.

मध्यम शहर निवडणं ही तडजोड नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था. तिचं २०१३ चं अधिवेशन प्रॉव्हिडन्सला भरलं आणि २०१७ चं ग्रँड रॅपिड्सला. दोन्ही मध्यमच शहरं. दक्षिणेत अशी बरीच आहेत: टेनेसीत चॅटनूगा, नॉक्सव्हिल आणि मेम्फिस, अलाबामात बर्मिंगहॅम, हंट्सव्हिल आणि मोबील, कॅरोलिनांमध्ये राली आणि ग्रीनव्हिल, जॉर्जियात सव्हाना, केंटकीत लुइव्हिल, आर्कान्सात लिटल रॉक. अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल इथली मराठी कुटुंबं यांपैकी अनेक ठिकाणी गाडीने दोन-तीन तासांत पोहोचतात. दोन हजारांचं संमेलन अटलांटात भरलं तर शहराला पत्ताही लागत नाही. तेच चॅटनूगात भरलं तर त्या आठवड्यातलं ते शहरातलं मोठं काम ठरतं. रस्ता बंद करून मिरवणुकीला परवानगी मिळण्यापासून विमानतळावर स्वागताचे फलक लागण्यापर्यंत सगळीकडे हा फरक जाणवतो.

खोल्यांचं गणित

हॉटेलवाले ‘पीक नाइट’ विचारतात, म्हणजे ज्या रात्री सर्वांत जास्त खोल्या लागतील ती रात्र. कौटुंबिक संमेलनात ती बहुतेक शनिवारची असते. समजा १,८०० जणांची नोंदणी होईल आणि त्यातले ४०० घरून ये-जा करतील. उरले १,४००. मराठी संमेलनाला कुटुंबं येतात, म्हणून खोलीमागे सरासरी २.३ माणसं धरली तर साधारण ६१० खोल्या लागतात. हेच डॉक्टरांचं किंवा अभियंत्यांचं व्यावसायिक संमेलन असेल तर खोलीमागे १.२ धरावे लागतात आणि आकडा ११७० च्या घरात जातो. हॉल तोच असला तरी खोल्या जवळजवळ दुप्पट लागतात. दुसऱ्या कुठल्या संस्थेचा अनुभव जसाच्या तसा उचलला तर चूक इथेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठलंही हॉटेल आपल्या सगळ्या खोल्या एका गटाला देत नाही. नेहमीच्या ग्राहकांसाठी काही राखून ठेवतं. साठ ते ऐंशी टक्के मिळतील असं धरा. २५० खोल्यांच्या हॉटेलातून १५० ते २०० मिळतात. ६१० खोल्यांसाठी अशी चार-पाच हॉटेलं लागतात, आणि ती सगळी जवळ हवीत.

जवळ म्हणजे किती, ते माणसं पाहून ठरवा. परिषदेच्या कागदपत्रांत अर्धा मैल म्हणजे ‘चालण्याजोगं अंतर’ मानतात. जुलैतल्या दुपारी तीन वाजता, ३५ अंश उष्ण आणि दमट हवेत, पैठणी नेसून किंवा सत्तरीतल्या आई-वडिलांना घेऊन अर्धा मैल चालता येत नाही. पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, ही खरी मर्यादा. त्यापलीकडच्या हॉटेलांसाठी बस लागणार हे गृहीत धरूनच खर्च मांडा.

बसचा हिशोब आधीच करा, कारण तो नेहमी चुकतो. ५६ आसनांची बस आणि चढण्या-उतरण्यासकट ३० मिनिटांची फेरी, म्हणजे एका बसमधून तासाला ११२ माणसं जातात. उद्घाटनाला तासाभरात एक हजार माणसं आणायची तर नऊ बस लागतील. चार पुरतील असं वाटतं, आणि मग पहिल्याच कार्यक्रमाला निम्मं सभागृह रिकामं दिसतं.

काही शहरांचा नकाशाच अडचणीचा आहे. ग्रीनव्हिलचा मध्यवर्ती भाग सुंदर आहे. रीडी नदीचा धबधबा आणि त्यावरचा लिबर्टी पूल बघून समितीला शहर लगेच आवडतं. पण तिथलं मोठं कन्व्हेन्शन सेंटर त्या भागात नाही, बसशिवाय जमत नाही. सव्हानात कन्व्हेन्शन सेंटर नदीतल्या हचिन्सन बेटावर आहे आणि बरीच हॉटेलं पलीकडच्या जुन्या शहरात. नदी ओलांडायला मोफत फेरीबोट आहे, सेंटरचा अलीकडेच मोठा विस्तारही झाला आहे. तरी पहिला प्रश्न एकच: शेवटची बोट किती वाजता? आपलं नाटक रात्री अकराला संपणार असेल तर उत्तर कागदावर घ्या. चॅटनूगा याबाबतीत सोयीचं आहे, तिथे मध्यवर्ती भागात १९९२ पासून मोफत इलेक्ट्रिक बस फिरते.

हॉल मोजताना

सेंटरच्या माहितीपत्रकातल्या क्षमतेच्या आकड्यांत मंच, पडदे, ध्वनियंत्रणेची जागा किंवा जेवणाची टेबलं धरलेली नसतात. स्वतः मोजा. नुसत्या खुर्च्यांच्या रांगांना माणशी ८ ते १० चौरस फूट लागतात. गोल टेबलांवर जेवणाला १२ ते १३, तर पुढे टेबल असलेल्या कार्यशाळेच्या मांडणीला १५ ते १८.

१,५०० माणसांचं जेवण घ्या. १३ प्रमाणे १९,५०० चौरस फूट झाले. दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी बुफेची एक रांग शंभर माणसांना पुरते, म्हणजे पंधरा रांगा आणि त्यांच्याभोवती उभं राहायला जागा, असे ४,५०० तरी. मंच आणि यंत्रणेला ३,०००. एकूण २७,०००. ‘१,५०० पाहुण्यांसाठी’ म्हणून दाखवलेली बॉलरूम अनेकदा वीस हजारांची असते. मग बुफे बाहेरच्या मार्गिकेत जातो आणि रांगा दारात अडकतात.

प्रदर्शनाचा नेहमीचा गाळा १० बाय १० फुटांचा. मधल्या वाटांसाठी तेवढीच जागा पुन्हा धरायची. ८० गाळ्यांना किमान १६,००० चौरस फूट लागतात.

एकच हॉल सकाळी सभागृह आणि दुपारी भोजनगृह करायचा विचार मोह पाडतो. खुर्च्या काढून गोल टेबलं लावायला तीन-चार तास जातात आणि त्याची मजुरी वेगळी लागते. दोन जागा असतील तरच वेळापत्रक टिकतं.

मराठी संमेलनाची एक गरज इतरांना सहसा नसते: नाटक आणि मैफिलीला खरं थिएटर लागतं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये उभ्या केलेल्या तात्पुरत्या मंचावर दोन अंकी नाटक मागच्या पाचशे प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. बसायला उतार नसतो, आवाज सिमेंटवर घुमतो, विंग अपुऱ्या पडतात. म्हणून एकाच आवारात प्रदर्शनाचा हॉल आणि नाट्यगृह दोन्ही असलेली शहरं यादीत वर ठेवावीत. बर्मिंगहॅमचं बीजेसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर इथे उजवं ठरतं: प्रदर्शनाचे हॉल, सुमारे २,८०० आसनांचं कॉन्सर्ट हॉल, हजारेक आसनांचं छोटं थिएटर आणि मोठं अरीना एकाच संकुलात, शिवाय साडेसातशेच्या आसपास खोल्यांचं हॉटेल लागूनच. हंट्सव्हिलचं १९७५ चं व्हॉन ब्रॉन सेंटर आकाराने लहान, पण तिथेही सुमारे दोन हजार आसनांचं कॉन्सर्ट हॉल आहे आणि जोडून हॉटेल. मेम्फिसला रेनासंट कन्व्हेन्शन सेंटरच्या बाजूला कॅनन सेंटर हे नाट्यगृह आहे. रालीचं सेंटर २००८ चं, दीड लाख चौरस फुटांचा प्रदर्शन हॉल असलेलं. तिथली नाट्यगृहं वेगळ्या इमारतीत, पण जवळ आहेत. चॅटनूगाचा एक लाख चौरस फुटांचा हॉल उत्तम, पण नाट्यगृहासाठी बाहेर पडावं लागतं.

नाट्यगृहाचा ‘टेक पॅक’ मागवून घ्या आणि नाटकाच्या व्यवस्थापकाकडे पाठवा. मंचाची खोली, पडद्यामागची जागा, माल चढवायच्या दाराची उंची आणि प्रकाशयोजनेसाठी किती तास मोकळे मिळतील, एवढं तरी त्यातून कळायला हवं. आदल्या रात्री दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम असेल तर नेपथ्य लावायला सकाळचे चारच तास उरतात.

येणार कसे

या शहरांच्या विमानतळांवर बरीच विमानं ५० ते ७६ आसनांची असतात आणि प्रवास अटलांटा, शार्लट किंवा डॅलसला विमान बदलून होतो. विमानं दिवसाला किती, हे विचारून भागत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत येणारी आणि रविवारी दुपारनंतर निघणारी एकूण आसनं किती, हे विचारा. रविवारी दुपारनंतर सहा विमानं म्हणजे फार तर साडेचारशे आसनं, आणि त्यातली बरीच आधीच विकली गेलेली असतात. चॅटनूगाला येणाऱ्यांनी सरळ अटलांटाला उतरून दोन तास रस्त्याने येणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर नक्कीच, कारण एक विमान आणि एक व्हीलचेअरची वाट बघणं वाचतं. अशा वेळी अटलांटा विमानतळावरून मंडळाची स्वतःची बस ठेवा.

घड्याळही लक्षात ठेवा. चॅटनूगा आणि नॉक्सव्हिल पूर्वेच्या वेळेवर चालतात, नॅशव्हिल, हंट्सव्हिल, बर्मिंगहॅम आणि मेम्फिस मध्यवर्ती वेळेवर. नॅशव्हिलहून चॅटनूगाला निघालेल्यांचा वाटेत एक तास जातो आणि उद्घाटन चुकतं. निमंत्रणावर वेळेबरोबर ती पूर्वेची की मध्यवर्ती, हेही छापा.

तारीख

दक्षिणेतल्या शाळा लवकर उघडतात. जॉर्जिया, अलाबामा, टेनेसीत अनेक ठिकाणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच. उलट न्यू जर्सी किंवा बॉस्टनकडच्या शाळा जूनच्या अखेरपर्यंत चालतात. दोन्हीकडची मुलं मोकळी असण्याचा काळ म्हणजे जूनचा शेवट ते जुलैचा शेवट. याच काळात व्यावसायिक परिषदा कमी असल्याने दरही उतरतात. उष्मा असतो, पण तो हॉटेल जवळ निवडून सांभाळता येतो.

इतर महिने निवडायचे तर त्या शहराचं पंचांग बघा. नॉक्सव्हिलचं फुटबॉल स्टेडियम लाखाहून जास्त आसनांचं आहे. शरदातल्या घरच्या सामन्याच्या शनिवारी शहरात खोली मिळत नाही, मिळाली तर तिप्पट दराने. लुइव्हिलला मेचा पहिला शनिवार डर्बीचा, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहराच्या आसपास एप्रिलमध्ये मास्टर्स गोल्फ स्पर्धा. सव्हानात १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा उत्सव. मोबीलला फेब्रुवारी-मार्चमध्ये मार्डी ग्राचा उत्सव. विद्यापीठांच्या गावांत मेमधले पदवीदानाचे दिवस टाळा.

समुद्रावरून येणाऱ्या हरिकेन वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि १० सप्टेंबरच्या सुमारास तो सर्वांत जोरात असतो. सव्हाना, मोबीलसारखी किनाऱ्याची शहरं ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोडून द्यावीत. आतलं शहर निवडलं की प्रश्न मिटला असं मात्र नाही. किनारा रिकामा करायचा आदेश निघाला की आतल्या शहरांची हॉटेलं भरतात. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने डोंगरातल्या अ‍ॅशव्हिलची पाणीपुरवठा यंत्रणा मोडली, आणि पिण्याजोगं पाणी नळाला पुन्हा यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. मार्च ते मे हा चक्रीवातांचा (टोर्नेडोंचा) काळ. सेंटरमध्ये आसरा घ्यायची जागा कुठे आणि तिथे किती माणसं मावतात, हे पाहणीतच विचारा.

प्रस्ताव आणि करार

प्रत्येक शहराचं पर्यटन आणि परिषद कार्यालय असतं. त्याचा खर्च मुख्यतः हॉटेलांवरच्या करातून चालतो, त्यामुळे तुम्हाला त्याची सेवा फुकट मिळते. हॉटेलांना वेगवेगळे फोन करत बसू नका. १८ ते ३६ महिने आधी तीन-चार शहरांच्या कार्यालयांना एकच मागणीपत्र पाठवा. त्यात तारखांचे किमान दोन पर्याय, रात्रवार खोल्या, हॉलची वेळवार गरज, मागच्या संमेलनात प्रत्यक्ष भरलेल्या खोल्या आणि खाण्यावरचा खर्च द्या. प्रत्यक्ष आकडे दिले की प्रस्ताव गंभीरपणे येतात. फुगवलेले आकडे पुढे करारात अंगावर येतात.

येतात ते असे. हॉटेल करारात ‘अ‍ॅट्रिशन’चं कलम असतं. समजा १,५०० रूम नाइट (एक खोली एका रात्रीसाठी म्हणजे एक रूम नाइट) राखल्या आणि ८० टक्के भरायची हमी दिली. म्हणजे १,२०० भरायला हव्यात. भरल्या १,०००. उरलेल्या २०० गुणिले १६९ डॉलर, म्हणजे ३३,८०० डॉलर तुम्ही देणं लागता. यावर चार गोष्टी मागा: हिशोब रोजचा न करता सगळ्या रात्रींचा मिळून करावा, हॉटेलने त्या खोल्या दुसऱ्यांना विकल्या तर तेवढी रक्कम वजा व्हावी, तुमच्या प्रतिनिधींनी ब्लॉकबाहेर, म्हणजे तुमच्यासाठी राखलेल्या खोल्यांबाहेर, आरक्षण केलं असेल तर ते यादी ताडून मोजावं, आणि सहा महिने व तीन महिने आधी दंड न भरता ब्लॉक कमी करता यावा. पन्नास किंवा चाळीस खोल्यांमागे एक मोफत, ही पद्धत रूढ आहे. चाळीसपासून बोलणी सुरू करा.

मध्यम शहराचा एक फायदा इथे दिसतो. अटलांटात निम्मे लोक भावाकडे, मैत्रिणीकडे उतरतात आणि ब्लॉक रिकामा राहतो. चॅटनूगात उतरायला नातेवाईक नसतात, त्यामुळे खोल्या भरतात. अनेक शहरं भरलेल्या खोल्यांच्या प्रमाणात हॉलचं भाडं कमी करतात किंवा अनुदान देतात. हे अनुदान प्रत्यक्ष भरलेल्या खोल्यांवर आणि संमेलन झाल्यावर मिळतं. अंदाजपत्रकात ते जमेला धरू नका.

ताटाचा दर सांगतात तो पूर्ण नसतो. ४८ डॉलरच्या ताटावर २४ टक्के सेवाशुल्क लागलं की ५९.५२ होतात. त्यावर चॅटनूगातला ९.२५ टक्के विक्रीकर धरला की ६५ डॉलर. दीड हजार ताटांवर फरक पंचवीस हजारांच्या पुढे जातो. वीज, इंटरनेट, छताला वजन टांगणं, गाळ्यांचा माल दर शंभर पौंडांमागे हलवणं, हे दरपत्रक करारालाच जोडून घ्या. यातल्या कुठल्या सेवा सेंटरकडूनच घेणं बंधनकारक आहे, हे वेगळं लिहून घ्या.

जेवण

शहर निवडताना जेवणाचा प्रश्न शेवटी विचारला जातो. तो दुसऱ्या बैठकीत विचारा, कारण कधी कधी याच कारणाने शहर बदलावं लागतं. बहुतेक सेंटरमध्ये त्यांचाच केटरर बंधनकारक असतो. बाहेरचा आणायचा तर ताटामागे शुल्क द्यावं लागतं. ते शुल्क, स्वयंपाकघराचं भाडं आणि वाढप्यांचा खर्च करारापूर्वी ठरवा. करारानंतर सवलत मिळत नाही.

सेंटरच्या स्वयंपाक्यांना पाककृती देऊन करून घेता येतं, पण चव बघायला चाळीस ताटं मागू नका, दोनशे मागा. चाळीस जणांचे पोहे छान होतात. दीड हजारांचे आधीच भिजवून ठेवले तर त्यांचा लगदा होतो. आमटी, मसालेभात, रस्साभाजी, कोशिंबीर, श्रीखंड हे मोठ्या प्रमाणात टिकतं. पुऱ्या मऊ पडतात, बटाटेवडा झाकून ठेवला की ओला होतो. धूर खेचणाऱ्या हुडखालीच तळता येतं, हॉलमध्ये नाही.

मध्यम शहरांत एका वेळी दीड हजार भारतीय ताटं देणारा केटरर बहुधा नसतो. अटलांटाहून आणावा लागतो. चॅटनूगा, बर्मिंगहॅम, ग्रीनव्हिलपर्यंत गरम पेट्यांतून अन्न येऊ शकतं. मेम्फिस सहा तासांवर आहे, तिथे जागेवरच शिजवावं लागेल. गरम अन्न ५७ अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहायला हवं. आरोग्य खात्याचा माणूस थर्मामीटर घालून बघतो आणि तापमान चुकलं तर अख्खी पेटी फेकायला लावतो. केटररकडे त्या काउंटीचा परवाना आणि सेंटरचं नाव घातलेलं विमापत्र हवं. दहा लाख डॉलरचं संरक्षण ही नेहमीची अट.

चहासाठी दूध घालून उकळायची मोठी किटली स्वयंपाकघरात आहे का, ते बघा. कॉफीच्या यंत्रातल्या गरम पाण्यात पिशव्या बुडवून दोन हजार मराठी माणसांची सकाळ निभत नाही.

समईला अग्निशमन विभागाची परवानगी लागते. ती महिनाभर आधी काढा. रांगोळीसाठी गालिच्यावर प्लायवूडचे तक्ते मागवा, नाहीतर सफाईचं बिल येतं.

पाहणी

पाहणीला संमेलनाच्याच महिन्यात, शुक्रवार ते रविवार जा. सर्वांत लांबच्या हॉटेलपासून दुपारी तीनला चालत या. रात्री साडेदहाला काय उघडं असतं ते बघा, आणि रविवारी सकाळीही बघा, कारण दक्षिणेत रविवारी मध्यवर्ती भागातली बरीच दुकानं आणि उपाहारगृहं बंद असतात. शेजारच्या हॉलमध्ये त्या दिवशी कोण असेल ते विचारा. मुलींच्या व्हॉलीबॉल स्पर्धेच्या शिट्ट्या भिंतीपलीकडे गाण्याच्या मैफिलीत ऐकू येतात. त्या वर्षी सेंटरमध्ये किंवा समोरच्या रस्त्यावर बांधकाम आहे का, याचं उत्तर लेखी घ्या. मुलांसाठी अर्धा दिवस कुठे नेता येईल तेही बघून ठेवा: हंट्सव्हिलला अंतराळ आणि रॉकेट केंद्र, चॅटनूगाला मत्स्यालय आणि लुकआउट माउंटन, बर्मिंगहॅमला नागरी हक्क चळवळीचा परिसर.

पसंतीच्या शहराकडून तारखा ‘पहिला हक्क’ म्हणून राखून घ्या आणि दुसऱ्या शहराच्या तारखा हॉटेलचे करार पूर्ण होईपर्यंत सोडू नका. सेंटरचा आणि सगळ्या हॉटेलांचा करार एकाच आठवड्यात करा. हॉल पक्का झाल्यावर हॉटेलं दर उतरवत नाहीत. सही मंडळाच्या नावाने आणि पदाने करा, कुणा एका कार्यकर्त्याच्या नावाने नको, म्हणजे दोन वर्षांनी समिती बदलली तरी करार मंडळाचाच राहतो.